माळ्यावर भिंत नाही

"अहो बाई, इथं वर भिंतच नाहीये," टेरी वरून म्हणाला.

डेलिथनं शिडी दोन्ही हातांनी धरली होती. माळ्याच्या चौकोनी भोकातून टेरीचे बूट आणि पोटऱ्या तेवढ्या दिसत होत्या. कमरेपासून वरचा माणूस अंधारात. टेरी घराचे नकाशे काढून देणारा. आज मापं घ्यायला आला होता आणि आल्यापासून जरा जास्तच खुशीत होता. "तुमच्या आणि शेजारच्यांच्या मधली भिंत म्हणतोय मी," त्याचा आवाज लाकडांतून घुमत खाली आला. "खाली आहे विटांची, चांगली जाडजूड. पण ती खोल्यांच्या छतापर्यंत येते आणि तिथंच थांबते. वर सगळं सलग. त्यांची पाण्याची टाकी दिसतेय मला. दोन सुटकेसी. नाताळचं झाड. त्या काळच्या ठेकेदारांनी विटा वाचवल्या, दुसरं काय! तुमच्याकडं कुणी शिंकलं तर तिकडून रुमाल येईल." जिन्याच्या कठड्याला टेकून उभा असलेला ह्यू, डेलिथचा नवरा, मोठ्यांदा हसला. "म्हणजे इतकी वर्षं आम्ही शेजारच्या आयर्वेन आंटीबरोबर एकत्र कुटुंबातच राहतोय म्हणा की!" तिकडून टेरीही हसला. डेलिथ म्हणाली, "हसू नकोस." ह्यूला वाटलं, शिडी हलतेय म्हणून म्हणाली. तो हसतच शिडीला हात लावायला पुढे आला, तसा तिनं खांद्यानंच त्याला बाजूला सारलं. कसला राग आला ते तिला अजून कळलं नव्हतं. पण आला होता. शिडीचं गार लोखंड तळहातांना रुतेपर्यंत तिनं आवळून धरलं होतं.

माळ्यावर खोली काढायची ही कल्पना तिचीच. कार्डिफच्या स्प्लॉट भागातलं हे ओळीतलं घर, दोन्ही अंगांना घरं चिकटलेली, तेव्हा वाढायचं तर वरच वाढायला हवं. मुलगी कॅरिस स्वान्सीला असायची. तिचा संसार मोडला होता आणि सहा वर्षांच्या मॅबलीला घेऊन ती सप्टेंबरात परत येणार होती. नाही नाही म्हणत तयार झाली होती. डेलिथनं तीन महिने दुसरा विषय काढला नव्हता. छतातली खिडकी मागच्या बाजूला, म्हणजे मॅबलीला सकाळचं ऊन मिळेल. उतरत्या छपराखाली पुस्तकांची फळी. कोपऱ्यात छोटी मोरी. एकच अडचण होती: वर जायला जिना हवा, आणि जिना निघायचा तर पहिल्या मजल्यावरची पुढची चिंचोळी खोली जाणार. एक पलंग आणि एक खुर्ची मावेल एवढीच ती खोली. लहानपणी डेलिथची, पुढं कॅरिसची. टेरीनं नकाशावर त्या खोलीवर लाल फुली मारली तेव्हा त्यानं आदबीनं विचारलं होतं, "चालेल ना? काही लोकांचा जीव असतो अशा खोल्यांत." डेलिथ म्हणाली होती, "पाडा. माझा नाही." 

टेरी चहा पिऊन गेला. जाताना म्हणाला, माळ्यावर आधी मधली भिंत चढवावी लागेल, आगीच्या दृष्टीनं तसा नियमच आहे. लोखंडी तुळयाही त्याच भिंतीत बसणार, तेव्हा शेजारच्यांची लेखी संमती हवी. त्यानं कागद टेबलावर ठेवला. "मी आणतो सही," ह्यू म्हणाला. "आंटी माझ्यावर खूश असतात." डेलिथनं कागद उचलून आपल्या पिशवीत घातला. "मी जाईन," ती म्हणाली. मग तिनं ओट्यावरची भांडी घासायला घेतली, घासलेलीच पुन्हा घासली, आणि कपाची कड नळावर आपटून उडाली तेव्हा तिला कळलं की आपल्याला कसला राग आलाय.

तिचा बाप आयव्हर पोलाद कारखान्यात भट्टीवर होता. रस्त्यात त्याचं नाव चांगलं होतं. सर्दी-पडसं झालेल्या म्हाताऱ्यांचा कोळसा तो आत नेऊन टाकायचा. रविवारी दुपारी जेवण व्हायचं, भाजलेलं मटण, बटाटे, वाटाणे, आणि जेवणात काही ना काही निघायचं. रस्सा पातळ. मटण वातड. आई कुणाकडं तरी पाहून हसली. मग तो शांतपणे रुमाल घडी करून ठेवायचा आणि म्हणायचा, "वर चल." ओरडायचा नाही. आई उठून त्याच्या पुढं जिना चढायची, अगदी दवाखान्यात नंबर लागल्यासारखी, आणि जाताना डेलिथला म्हणायची, तू तुझ्या खोलीत जा, दार लाव. डेलिथ तिच्या चिंचोळ्या खोलीत पलंगावर भिंतीला पाठ लावून बसायची आणि पाढे म्हणायची. सातचा. आठचा. तेराचा अर्धा. पलीकडच्या खोलीतून आवाज यायचे, त्यांतला एक गुणगुणण्यासारखा असायचा, ती आई. आणि मग, नेहमी नव्हे पण बहुतेक वेळा, छतातून गाणं यायचं. बँडचं गाणं, तुताऱ्या, ढोल, बायकांचा कोरस. एकदम मोठ्यांदा, जणू छपराच्या आत जत्रा भरलीय. आठ-नऊ वर्षांच्या डेलिथला वाटायचं की हे आपल्यासाठी आहे. कुणी तरी वर आहे, त्याला कळतंय, आणि आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून तो वाजवतोय. चर्चमधल्या बाईंनी देवदूतांचं सांगितलं तेव्हा ती गालात हसली होती, कारण तिला ते आधीच माहीत होतं. मोठी झाल्यावर तिनं ते कुणाला सांगितलं नाही. पण टाकलंही नाही. बाप ती एकोणीस वर्षांची असताना कारखान्यातच छातीत कळ येऊन गेला, आई ऐंशीची होऊन गेली, लग्न झालं, कॅरिस झाली, शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं नोकरी झाली. आणि वाईट दिवस असला की साठीच्या डेलिथच्या कानात अजूनही त्या तुताऱ्या वाजायच्या आणि तिला बरं वाटायचं.

आयर्वेन आंटींचा रेडिओ होता तो. सरळ होतं. कुठलाही शहाणा माणूस चाळीस वर्षांपूर्वीच हे ओळखता. पण भिंती जाड होत्या ना! सगळी हयात या भिंतींच्या जाडीवर उभी होती. सोमवारी सकाळी आई दाराची पायरी घासायला बसायची, लांब बाह्यांचा ब्लाउज घालून, आणि आयर्वेन आंटी आपली पायरी घासायच्या, आणि दोघी धुण्याबद्दल, पावाबद्दल, कुणाच्या तरी बाळंतपणाबद्दल बोलायच्या. "जुन्या घरांचं हे एक बरं," आंटी म्हणायच्या, "भिंती कशा भक्कम! मेलं शेजारी कोण आहे की नाही पत्ता लागत नाही." आई म्हणायची, "खरंच बाई." हे वाक्य डेलिथनं शेकडो वेळा ऐकलं होतं. आईच्या अंत्यविधीनंतर, हातात सँडविचची बशी धरून, आंटी पुन्हा तेच म्हणाल्या होत्या, "पन्नास वर्षं शेजार, पण आवाज म्हणून कधी आला नाही." आणि डेलिथच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आईची लाज झाकलेली राहिली म्हणून. निदान रस्त्याला कळलं नाही म्हणून. आता तिला त्या सँडविचची चवसुद्धा आठवली, काकडीचं, ओलसर, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कळत होतं! पहिल्या दिवसापासून सगळं कळत होतं! आई पायरी घासत होती आणि ही बया तिच्या बाह्यांकडं बघत होती, आणि भिंतीची तारीफ करत होती.

तीन दिवस ती रागात राहिली. रागात तिनं मोरीच्या फरशीचा रंग ठरवला आणि रागातच बदलला. रस्त्यावरून जाताना आंटींचा खिडकीतला जाळीचा पडदा दिसला की मान दुसरीकडं वळवायची. ह्यूनं विचारलं, काय झालंय, तर म्हणाली, "तुला काय करायचंय? तू हस." कॅरिसचा फोन आला. नकाशा तिला पाठवला होता. तिनं खिडकीबद्दल विचारलं नाही, फळ्यांबद्दल विचारलं नाही. "वरच्या खोलीला दार असेल ना, आई?" "असेल की. दाराशिवाय खोली कशी असेल?" "नाही, म्हणजे आतून बंद होणारं." डेलिथ म्हणाली, "आतून बंद कशाला? घरात चोर आहेत का?" आवाज तिच्या नकळत शाळेच्या ऑफिसातला झाला, ज्या आवाजानं वऱ्हांड्यातली अख्खी रांग सरळ व्हायची. मग कॅरिस म्हणाली, "जाऊ दे. मॅबली बोलावतेय," आणि फोन ठेवला.

चौथ्या दिवशी दुपारी ती कागद घेऊन शेजारी गेली. किल्ली तिच्याकडंच असायची. आंटींचं खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या वरच झोपायच्या. सकाळी बाई येऊन आंघोळ घालून जायची, दुपारचा चहा डेलिथ करून द्यायची. सत्त्याऐंशी वर्षांची म्हातारी, उशांच्या ढिगात अर्धी बुडालेली, केस पिंजलेल्या कापसासारखे. खोली म्हणजे डेलिथच्याच घरातल्या मोठ्या खोलीचं आरशातलं रूप. तिथं जिथं आईबापांचा पलंग होता, भिंतीच्या त्या अंगाला, इथं या अंगाला आंटींचा पलंग. मध्ये वीतभर वीट.

"आलीस का गं पोरी? मला वाटलं, रुसलीस. तीन दिवस चहा नुसता त्या बाईच्या हातचा. गटाराचं पाणी."

डेलिथनं चहा दिला नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "आंटी, माळ्यावर भिंत नाहीये."

"कुठल्या माळ्यावर?"

"आपल्या. तुमच्या आणि आमच्या. सगळं सलग आहे. तुम्हाला माहीत होतं."

आंटींनी चादरीवरची सुरकुती बोटानं सरळ केली. "मालला माहीत होतं. टाकी गळली तेव्हा चढला होता." माल म्हणजे त्यांचा नवरा, जाऊन वीस वर्षं झालेला. "का गं?"

"का गं?" डेलिथ म्हणाली. "पाढे कुठपर्यंत म्हणायचे मी, आंटी? सांगा की. तुम्हाला ऐकू येत होतं ना सगळं?"

म्हातारीनं तिच्याकडं पाहिलं. डेलिथची अपेक्षा होती की ती नाही म्हणेल. नाही म्हटलं असतं तर काय बोलायचं ते तिनं तीन दिवस घोकलं होतं. "तेराच्या पाढ्यात अडायचीस," आंटी म्हणाल्या. "तेरा सात एक्क्याण्णव. दरवेळी तिथंच."

"आणि तुम्ही रेडिओ लावायचात."

"लावायचे."

"मोठ्यांदा."

"मग काय करणार होते? मालनं एकदा अंगात कोट घातला. म्हणाला, जातोच मी आज. गेला. दार वाजवलं. तुझी आई खाली आली, हाताला पीठ लावून. पीठ कधी लावलं कोण जाणे! म्हणाली, काय हो माल, कचऱ्याचे डबे काढायचे राहिले का? हसून. ओठ फुटलेला, आणि हसून. माल म्हणाला, हो, डबे. आणि डबे ओढून परत आला. पुन्हा कोट घातला नाही त्यानं."

"एकदा!" डेलिथ ओरडली. "एकदा कोट घातला म्हणून सांगताय? पोलीस होते. चर्चमधले लोक होते. मी होते! मी नऊ वर्षांची होते, दर सोमवारी तुमच्या दारावरून शाळेत जायचे. मला एकदा आत घ्यायचं होतं. एकदा विचारायचं होतं. आणि वर भिंती भक्कम, भिंती भक्कम! तिच्या मढ्यावरसुद्धा भिंती भक्कम!"

"ते तिच्यासाठीच म्हणायचे मी." म्हातारीचा आवाजही चढला. "तिला ऐकायचं असायचं ते. सोमवारी पायरीवर यायची तेव्हा माझ्या तोंडाकडं कशी बघायची, तुला नाही माहीत. मी भिंतीचं बोलले की तिचा जीव खाली पडायचा. मग हात चालायचा तिचा. मी भित्री होते. माल भित्रा होता. अख्खा रस्ता भित्रा होता, हवं तर लिहून देते. पण माझ्या घरात येऊन माझ्यावर ओरडू नकोस, डेलिथ. ओरडलेलं मी पुष्कळ ऐकलंय तुझं."

"माझं?"

बोलून बसलो असं आंटींच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि मग, म्हातारी माणसं करतात तसं, आता बोललोच आहोत तर, असंही दिसलं. "कॅरिस पाढे नाही म्हणायची," त्या म्हणाल्या. "गाणी म्हणायची. तू तिच्यावर घसरलीस की ती त्या पुढच्या खोलीत जायची आणि गायला लागायची. हळू. शाळेतली गाणी, टीव्हीवरच्या जाहिराती. तू दाराबाहेर उभी राहून बोलत असायचीस. अर्धा अर्धा तास. कसल्या गुणांवरून, केसांवरून. कुणासारखी निघालीस, कोण करणार तुझ्याशी लग्न. तुझा बाप बरा म्हणायचा एखादा, एवढं बोलायचा नाही."

"मी तिच्यावर कधी हात उचलला नाही," डेलिथ म्हणाली.

"नाही. हात नाही उचललास."

"कधीच नाही. मी ठरवलं होतं. पोटात होती तेव्हाच ठरवलं होतं."

"माहीत आहे गं."

डेलिथ पलंगाच्या कडेवर बसली. ती रागावलेलीच होती. राग उतरला असता तर बरं झालं असतं, पण तो तसाच होता, फक्त आता त्याला कुठं ठेवावं ते तिला समजत नव्हतं. या दुबळ्या म्हातारीवर ठेवावा तर ती खरं बोलत होती. बापावर ठेवावा तर तो मातीत. तिला कॅरिसची चौदाव्या वर्षाची पाठ आठवली, ताठ, पायऱ्या चढत जाणारी. आपण खालून बोलत होतो. काय बोलत होतो ते आठवेना. बोलताना आपल्याला किती बरं वाटायचं तेवढंच आठवलं, स्वच्छ, न्यायानं वागल्यासारखं. 

तेव्हा आवाज आला. जिन्याच्या वर आंटींच्या माळ्याच्या झाकणाची फळी वाकून फट पडली होती, आणि डेलिथच्या घरात टेरीनं उघडलेलं झाकण अजून तसंच होतं. खोकला आला, ह्यूचा, अगदी या खोलीत असल्यासारखा. मग पावलं. मग तो फोनवर बोलू लागला, आणि त्याच्या आवाजात एक मोकळेपणा होता, जो डेलिथनं फार वर्षांत ऐकला नव्हता. "बोल बेटा," ह्यू म्हणाला. "आई शेजारी गेलीय. तासभर तरी येत नाही. बोल तू." मग बराच वेळ तो नुसतं "हं, हं" करत राहिला. मग म्हणाला, "कडी मी स्वतः बसवून देईन. तिला सांगायची गरजच नाही." मग हसला.

दोघी बायका छताकडं बघत बसल्या. आंटींनी हात पुढं केला. "कागद आण," त्या म्हणाल्या. चष्मा लावला, कागद मांडीवर घेतला, आणि थरथरत, अक्षर अक्षर करून, सही केली. "भिंत लवकर घाला गं. पासष्ट वर्षं ऐकतेय. आता पुरे."

डेलिथ घरी आली तेव्हा ह्यू स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. फोन टेबलावर पालथा. "झाली सही?" त्यानं विचारलं. तिनं कागद पुढं ठेवला. "ह्यू, मी कॅरिसवर ओरडायचे तेव्हा तू कुठं असायचास?" सोलणं थांबलं. ह्यू मऊ माणूस होता, तिनं त्याला त्यासाठीच निवडला होता. बापाच्या अगदी उलट. "कधी?" तो म्हणाला. "सांग की. कुठं असायचास?" "इथंच," तो म्हणाला. "खाली." "काय करायचास?" त्यानं सालं गोळा केली, हात पुसले, पुन्हा पुसले. "टीव्ही लावायचो," तो म्हणाला. "मॅच वगैरे." "वर का नाही आलास?" "तू आणखी चिडली असतीस." "असते! मग? चिडले असते मी! तू यायचंस! तू तिचा बाप, तुला यायला पाहिजे होतं, माझ्या थोबाडीत मारून मला गप्प करायला पाहिजे होतं!" "मी तुझ्या थोबाडीत?" ह्यू म्हणाला, आणि अविश्वासानं तिच्याकडं पाहत राहिला. त्याच्या हातात अर्धा सोललेला बटाटा होता. बत्तीस वर्षं हा माणूस जिन्याखाली बसून होता आणि तिला वाटत होतं की घरात शांतता आहे.

ती वर गेली. त्या चिंचोळ्या खोलीत, जिथून जिना निघणार होता, खोक्यांमधून वाट काढून पलंगावर बसली आणि तिनं कॅरिसला फोन लावला. पुष्कळ वेळ वाजला. "हं, आई?" कॅरिसचा आवाज सावध होता, दमलेला. मागं मॅबली काही तरी विचारत होती, कात्री कुठाय, कात्री. "एक मिनिट हं," कॅरिस म्हणाली, आणि मग फोनपासून तोंड दूर नेऊन, हळू, पण डेलिथला ऐकू येईल इतपत: "मॅबली, तू आतल्या खोलीत जा राणी. आजीचा फोन आहे." पावलं गेली. दार लागलं. डेलिथनं ते दार लागताना ऐकलं.

"बोल," कॅरिस म्हणाली.

सांगायचं ते खूप होतं आणि त्यातलं एकही वाक्य धड नव्हतं. माफी हा शब्द तिनं शाळेत शेकडो पोरांकडून वदवून घेतला होता. तो कसा सुरू करतात हे तिला आठवेना. "आंटींनी सही केली," ती म्हणाली. "काम सुरू होईल. खोली होणार. पण कॅरिस, तू यायलाच हवं असं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तुला तिकडंच काही बघता आलं, तर बघ. आम्ही लागेल ती मदत करू. इथं यायचं म्हणून येऊ नकोस. मी जोर केला. मॅबलीला घेऊन माझ्या घरात राहायचं की नाही ते तू ठरव. नाही म्हणालीस तर मी का म्हणून विचारणार नाही."

पलीकडं कॅरिसनं खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"आई," ती म्हणाली, "तू हे रागानं बोलतेयस का?"

"हो," डेलिथ म्हणाली. तिनं फोन दोन्ही हातांनी धरला. "खूप रागानं. पण तुझ्यावर नाही गं."